सोफ्यावर बेस नाही, खालच्या मजल्यावर मात्र भरपूर

दिवाळीनंतरच्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. "मामा, सबवूफर बदलतोय. दहा इंची हॉलला कमी पडतो, बारा इंची घेतो म्हणतोय. कुठला घेऊ?" मी विचारलं, कमी पडतो म्हणजे नेमकं काय होतं? "नुसती धबधब होते रे, खोल काही जातच नाही. पिक्चरमध्ये पूल उडाला तरी पुठ्ठ्याच्या खोक्याला लाथ मारल्यासारखा आवाज येतो." मग जरा थांबून म्हणाला, "आणि गंमत म्हणजे खालच्या काकू दोनदा वर येऊन गेल्या. त्यांच्या बेडरूमचा पंखा थरथरतो म्हणे."

पंख्याचं ऐकलं आणि त्याला सांगितलं, एक रुपया खर्च करू नकोस, मी रविवारी येतो. सब म्हणजे फक्त खालचे सूर, म्हणजे बेस, वाजवणारा स्पीकरचा खोका. ज्या सबमुळे खालच्या घरातला पंखा थरथरतो तो सब कमी पडत नसतो. तो बेस तयार करतोय, फक्त तो बेस भाच्याच्या कानापर्यंत येत नाहीये. मी पोटापाण्यासाठी सभागृहांच्या साउंड सिस्टिम लावतो. घरगुती कामं फक्त नातेवाइकांची करतो, म्हणजे फुकट. पण हे प्रकरण इतकं नमुनेदार निघालं की लिहून ठेवावंसं वाटलं.

घर पुण्यात, सिंहगड रोडला, तिसऱ्या मजल्यावर. हॉल १६ फूट लांब, ११ फूट रुंद, उंची साडेनऊ फूट. टीव्ही आखूड भिंतीवर. त्याच भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात सब, कारण तिथे प्लग पॉइंट आहे आणि तिथे तो कुणाच्या पायात येत नाही. तीन जणांचा सोफा हॉलच्या बरोबर मधोमध, कारण त्याच्यामागे जेवणाचं टेबल. मागच्या कोपऱ्यात भिंतीला लागून आजीचा दिवाण. आजी म्हणजे भाच्याच्या वडिलांची आई, वय ८४, उजव्या कानाला यंत्र. मी चहा घेत असताना त्यांनी स्वतःहून सांगितलं, "मला त्या टीव्हीतलं बोलणं काही कळत नाही, पण तो खोका मेला छातीत वाजतो." भाचा हसला. मी हसलो नाही, कारण ती पहिली साक्ष होती. वयाबरोबर कान आधी वरचे सूर सोडतो; खालचे बऱ्यापैकी टिकून राहतात. आणि आजी बसतात कोपऱ्यात. तो कोपरा पुढे कामाला येतो.

पहिला संशय खोक्यावरच होता, त्यामुळे आधी खोकाच तपासला. भाच्याचं पहिलं वाक्य होतं, "तीनशे वॉटचा आहे, मामा." वॉटवरून बेस ओळखायची सवय आपल्याला त्या पीएमपीओच्या, म्हणजे फुगवलेल्या कमाल वॉटच्या, काळात लागली. तेव्हा हाताएवढ्या खोक्यावर हजारांचे आकडे छापलेले असायचे आणि त्यांना काडीचा अर्थ नसायचा. वॉट म्हणजे आत घातलेली वीज. बाहेर काय येतं ते ठरतं किती हवा हलवली यावर.

बेसचं सगळं अर्थकारण हवा हलवण्याचं आहे. वूफरचा, म्हणजे खोक्यात बसवलेल्या मोठ्या स्पीकरचा, पडदा पुढेमागे होतो, हवा दाबली जाते, सैल होते. सूर जितका खालचा, तितकी एका हेलकाव्यात जास्त हवा ढकलावी लागते, आणि ही वाढ सरळ नसते: सूर निम्मा खाली गेला तर तेवढ्याच आवाजासाठी पडद्याला चौपट अंतर कापावं लागतं. बंद खोक्यातला दहा इंची वूफर मोकळ्या मैदानात जमिनीवर ठेवला आणि एक मीटरवर ९४ डेसिबल हवे असले, तर ८० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ८० हेलकाव्यांना, त्याचा पडदा एका बाजूला जेमतेम एक मिलिमीटर हलतो. ४० हर्ट्झला साडेतीन मिलिमीटर. २० हर्ट्झला जवळजवळ चौदा. म्हणजे तेवढ्याच आवाजासाठी पेन्सिलीच्या टोकाएवढी हालचाल बोटाच्या रुंदीएवढी होते. आणि कान त्यात भर घालतो. १००० हर्ट्झला दोन-तीन डेसिबलचाही आवाज निरोगी कानाला ऐकू येतो, ४० हर्ट्झला त्याच कानाला ऐकू यायला ५० च्या वर लागतात आणि २० हर्ट्झला ७८. सबला वेगळा पडदा, वेगळा अॅम्प्लिफायर आणि एवढं जड चुंबक का लागतं ते यातून कळतं.

खोका कशाला लागतो, हा प्रश्न भाच्याच्या सात वर्षांच्या मुलीने विचारला आणि तो बरोबर प्रश्न होता. वूफर खोक्यातून काढून हातात धरला तर बेस गायब होतो. पडदा पुढे जाताना समोर हवा दाबली जाते, त्याच क्षणी मागे ती विरळ होते, आणि खालच्या सुरांना एवढा निवांत वेळ असतो की समोरची हवा कडेने वळसा घालून मागे जाते आणि हिशोब शून्य होतो. खोका मागची हवा कोंडून ठेवतो. अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये या कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगसारखं वापरून छोट्या बंद खोक्यातून खोल बेस काढून दाखवला, तोवर त्यासाठी कपाटाएवढे खोके लागत. दुसरा रस्ता पोर्टचा, म्हणजे खोक्याला नळीचं भोक. त्यातला हिशोब ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडला, सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी तो पुढे नेला, आणि आजही वूफरच्या कागदपत्रांत जे आकडे छापतात ते या दोघांच्या नावाने ओळखले जातात.

भाच्याचा सब पोर्टवाला. पोर्ट म्हणजे काय हे सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं होतं. देवघरातून उदबत्ती आणली, खोलीतला पंखा बंद केला आणि लॅपटॉपवरून ६० हर्ट्झचा सूर सोडला. पडदा थरथरताना डोळ्यांना दिसत होता, पोर्टच्या तोंडाशी धूर जरासा हलत होता. मग सूर हळूहळू खाली आणला. पन्नास, चाळीस, पस्तीस. ३१ च्या आसपास पडदा जवळजवळ उभा राहिला. मुलीने त्यावर हलकेच बोट ठेवलं आणि म्हणाली, बंद पडला. त्याच वेळी पोर्टपाशी धुराची वेटोळी फाटून बाहेर फेकली जात होती आणि बुटांच्या कपाटाचं दार वाजत होतं. औषधाच्या रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की बाटली एका ठरावीक सुरात घुमते ना, तसा हा खोका ३१ ला घुमतो. त्या सुरापाशी काम पडदा करत नाही, नळीतला हवेचा गोळा करतो. पंचवीसच्या खाली गेलो तेव्हा नळीचा आधार सुटला, पडदा एकदम मोठमोठे हेलकावे घेऊ लागला आणि आवाज मात्र पडला. पोर्टवाल्या सबचं हे व्यवहारी गणित आहे: आपल्या सुरापर्यंत तो बंद खोक्यापेक्षा जोरदार, त्याच्या खाली दर सप्तकाला २४ डेसिबलने घसरण. बंद खोका लवकर घसरायला लागतो, पण १२ ने.

नंतर माइक आधी पडद्याला आणि मग पोर्टला जवळजवळ चिकटवून मोजलं. इतक्या जवळून घेतलं की खोलीचा हिस्सा नगण्य होतो. खालच्या सुरांत रेघ सपाट. खोका निर्दोष. बारा इंची घेतला असता तर तीच कैफियत पस्तीस-चाळीस हजार जास्त देऊन ऐकायला मिळाली असती.

आता माइक सोफ्यावर, भाच्याच्या डोक्याच्या उंचीवर. मोजमापासाठी यूएसबी माइक आणि रूम ईक्यू विझार्ड नावाचं फुकट सॉफ्टवेअर एवढंच लागतं. तेही नको असेल तर मोबाइलवरून एकेक सूर वाजवून कान लावला तरी अर्धं चित्र दिसतं. १५ ते २०० हर्ट्झपर्यंत चढत जाणारी सुरावट वाजवली. जी रेघ खोक्यापाशी सपाट होती ती इथे घाटरस्त्यासारखी दिसली. ७० हर्ट्झला आजूबाजूपेक्षा ११ डेसिबलचा डोंगर. ५१ पाशी १३ डेसिबलचा खड्डा. आणि ३५ पाशी १८ डेसिबलची दरी. भाच्याची "नुसती धबधब" म्हणजे तो ७० चा डोंगर आणि "खोल काही जात नाही" म्हणजे त्याखालचे दोन खड्डे. त्याचं वर्णन इतकं अचूक होतं की माइक आणला नसता तरी चाललं असतं.

मग माइक आजींच्या दिवाणावर, उशीच्या बाजूला. तिथे ३५ ला खड्डा नव्हता, टेकडी होती. सोफ्यावरच्या पातळीपेक्षा त्या एका सुरात २४ डेसिबल जास्त.

यामागे काय चाललंय ते परातीवरून कळतं. परातीत पाणी भरून ती दोन्ही हातांनी उचलून चालायला लागा. पाणी एका काठाला चढतं, दुसऱ्याला उतरतं, मग उलट. काठावर केवढी उलथापालथ, आणि बरोबर मधल्या जागी पाणी आहे त्याच पातळीवर. हॉलमधल्या हवेचा दाब नेमका असा हिंदकळतो. ३५ हर्ट्झची लाट साधारण ३२ फूट लांब असते, हॉल १६ फुटांचा, म्हणजे लाटेचा अर्धा भाग भिंतीपासून भिंतीपर्यंत चपखल बसतो. दोन्ही भिंतींपाशी दाब जोरात वर-खाली, मधोमध काहीच नाही. रुंदीत तीच गोष्ट ५१ ला होते, कारण त्या सुराची अर्धी लाट ११ फुटांची. भाचा लांबीतही मधोमध बसायचा, रुंदीतही मधोमध. अख्ख्या हॉलमध्ये शोधून काढली असती तरी खालच्या सुरांसाठी याहून वाईट जागा मिळाली नसती. आणि ७० हर्ट्झची पूर्ण लाट १६ फुटांची. तिचा मध्यही काठांइतकाच हिंदकळतो. म्हणून खालचं सगळं गेलं आणि ७० छातीवर बसलं.

सब कोपऱ्यात असल्याने हे आणखी तीव्र होत होतं. कोपऱ्यात तिन्ही दिशांच्या भिंती एकत्र येतात, तिथून ढकललं की खोलीतला प्रत्येक हिंदकळा पुरता जागा होतो. आजींचा दिवाण दुसऱ्या कोपऱ्यात, म्हणजे प्रत्येक हिंदकळ्याच्या काठावर. दुकानात सब ऐकून घरी आणला की पडेल वाटतो किंवा घुमतो, त्याचं कारणही बहुतेक वेळा हेच असतं: दुकानाची खोली वेगळी, काठ वेगळे.

इथे एक गोष्ट आपल्या घरांबद्दल. इंटरनेटवर जे अमेरिकन सल्ले वाचायला मिळतात ते बहुतेक लाकडी सांगाडा आणि जिप्समच्या पातळ भिंतींच्या घरांतले. तिथल्या भिंती स्वतः थोड्या लवतात, काही बेस त्यांतून बाहेर निघून जातो, हिंदकळे लवकर विरतात. आपल्याकडे वीट किंवा ब्लॉक, वर-खाली सिमेंटचा स्लॅब, जमिनीवर टाइल्स. बेस आत आला की बराच काळ आतच फिरतो. खोलीचे डोंगर आणि दऱ्या जास्त टोकदार. पडदे, गालिचा, भिंतीला चिकटवलेले फोमचे पिरॅमिड यांनी वरचे आवाज मऊ होतात, ३५ हर्ट्झच्या ३२ फुटी लाटेला त्यांचा पत्ताही लागत नाही. भाच्याने असे बारा पिरॅमिड आणून ठेवले होते. ते आता मुलीच्या खेळण्यातल्या किल्ल्याला लागलेत.

बेस कमी वाटतो म्हणून त्याने जे केलं ते कुणीही करेल तेच. रिसीव्हरमधून, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज वाटणाऱ्या यंत्रातून, सबची पातळी ८ डेसिबलने चढवली. दरी आहे तिथे आवाज वाढवून उपयोग नसतो. तिथे आलेली लाट आणि भिंतीवरून परत आलेली लाट एकमेकींना खातात. दुप्पट घातलं तर दुप्पट खातात. ६ डेसिबल वाढवायला चौपट वीज आणि पडद्याची दुप्पट धाव लागते, दरी जागच्या जागी. पण दिवाणावर, स्वयंपाकघरात आणि खालच्या मजल्यावर ते ८ डेसिबल पुरेपूर पोहोचत होते. काकूंच्या पंख्याचं मूळ हे होतं. भाचा स्वतःला न ऐकू येणारा बेस खालच्या घराला ऐकवत होता.

खोलीला हात घालण्याआधी रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये शिरलो, तिथे तीन गोष्टी सापडल्या.

पहिली साधी. पुढचे दोन स्पीकर "लार्ज" म्हणून लावलेले. त्यामुळे गाण्यांतला खालचा भाग साडेसहा इंची वूफरकडे जात होता आणि सबला फक्त सिनेमातला वेगळा बेस चॅनेल मिळत होता. भाच्याचा समज असा की ५.१ मधल्या, म्हणजे पाच स्पीकर आणि एक बेस चॅनेल यांतल्या, त्या .१ साठीच सब असतो. तसं नाही. तो चॅनेल १२० हर्ट्झपर्यंतचा, धमाक्यांसाठी राखून ठेवलेला, आणि घरी वाजवताना तो बाकीच्यांपेक्षा १० डेसिबल वर वाजवायचा असतो. पण बाकी सगळ्या स्पीकरांतला खालचा भागही सबकडे वळवता येतो आणि घरच्या खोलीत तो वळवावाच. स्पीकर "स्मॉल" केले, क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर सबकडे जातात ती सीमा, ८० ला ठेवला. सिनेमाच्या आवाजाचे निकष ठरवणाऱ्या टीएचएक्सची शिफारसही ८० चीच आहे. त्याच्या खाली आवाज कुठून येतोय हे कानाला धड कळत नाही, म्हणून सब टीव्हीजवळच हवा असं बंधन राहत नाही. हे पुढे फार कामाला आलं.

दुसरी, सबच्या पाठीमागचा क्रॉसओव्हरचा खटका ६० वर. रिसीव्हर ८० ला कापतोय, सब स्वतः पुन्हा ६० ला कापतोय. दोन गाळण्या एकावर एक. तो पूर्ण उजवीकडे फिरवून टाकला.

तिसरी चूक मात्र मला आवडली, कारण ती प्रामाणिक माणसाची होती. रिसीव्हरने स्वतःच्या माइकने मोजून सबचं अंतर १४ फूट लिहिलं होतं. भाच्याने टेप लावला, ९ फूट भरले, आणि त्याने यंत्राची "चूक" सुधारली. यंत्र चुकलं नव्हतं. सबच्या आतलं गाळणं आणि प्रोसेसिंग आवाजाला काही मिलिसेकंद उशीर करतं, रिसीव्हर तो उशीर अंतरात मोजून बाकीचे स्पीकर तेवढे थांबवतो. पाच फूट म्हणजे साडेचार मिलिसेकंद. ८० हर्ट्झचा एक हेलकावा साडेबारा मिलिसेकंदांचा. सब आणि स्पीकर एक तृतीयांश हेलकाव्याहून जास्त मागेपुढे चालत होते, आणि जिथे दोघांनी मिळून काम करायचं तिथेच सहा-सात डेसिबल हरवत होते. १४ परत लिहिले आणि तबल्यातला डग्गा जागेवर आला. तोवर तो जणू शेजारच्या खोलीत वाजत होता.

आता सोफा. तो दोन फूट मागे सरकवायचा तर टेबल आडवं येत होतं. सूनबाईंनी टेबल भिंतीला समांतर फिरवून बघितलं, आणि स्वयंपाकघरात जायला उलट वाट मोठी झाली म्हणून परवानगी दिली. टीव्हीच्या भिंतीपासून कान आता आठऐवजी दहा फुटांवर. परातीच्या भाषेत मध्यापासून काठाकडे सरकलो. ३५ तिथे थोडं तरी हिंदकळतं, आणि ७० चा डोंगरही तिथे ३ डेसिबलने उतरलेला असतो.

सबची जागा शोधायची जुनी युक्ती उलटी आहे: सबला श्रोत्याच्या जागेवर ठेवायचं आणि स्वतः सब जिथे जिथे ठेवता येईल तिथे रांगत फिरायचं. ज्या जागी बेस सगळ्यांत सारखा ऐकू येतो तिथे सब ठेवला की तेच सोफ्यावर मिळतं. दोघांनी जागा बदलल्या तरी मधला रस्ता तोच. सूनबाईंनी सोफ्यावर जुनी चादर टाकल्यावर सतरा किलोंचा सब त्यावर चढवला, ३० ते ८० पर्यंत एकेक पायरी चढणारे सूर लावले, आणि मी, भाचा आणि त्याची मुलगी असे तिघं भिंतीच्या कडेने रांगायला लागलो. आजींनी हे सगळं शांतपणे पाहिलं. कोपऱ्यांत काही सूर गुदमरवणारे, काही गायब. उजव्या भिंतीला, टीव्हीच्या भिंतीपासून चार फुटांवर, बुटांच्या कपाटाच्या अलीकडे, मुलगी थांबली आणि म्हणाली, इथे सगळे सारखे आहेत. मी कान लावला. बरोबर होतं.

चार फूट म्हणजे हॉलच्या लांबीचा पाव भाग. ७० हर्ट्झची लाट तिथेच शून्य असते. त्या जागेवरून सबने कितीही ढकललं तरी तो हिंदकळा जागा होत नाही. गणिताने मी तिथेच पोहोचलो असतो, पण रांगण्यात जास्त मजा आली. भिंतीत प्लग नव्हता, म्हणून रविवारी एक्स्टेन्शनवर भागवलं आणि पुढच्या आठवड्यात वायरमनकडून पॉइंट काढून घेतला.

परत मोजलं. ७० चा डोंगर ११ वरून ३ वर. ३५ ची दरी भरून आजूबाजूपेक्षा ५ डेसिबल खाली एवढीच उरली. सबची पातळी +८ वरून +१ वर आणली आणि तरी सोफ्यावर बेस आधीपेक्षा जास्त आणि खोल होता. पूल उडाला तो प्रसंग पुन्हा लावला. भाचा काही बोलला नाही, फक्त मागे टेकून बसला. दिवाणावर त्याच प्रसंगाला आता ९ डेसिबल कमी होते. आजी दहा मिनिटांनी म्हणाल्या, "बंद पडला का रे तो खोका?"

खालच्या मजल्यावर जायचं मी टाळलं नाही. काकूंच्या घरी चहा झाला. या वादात सोसायटीच्या सेक्रेटरींनी आधीच मोबाइलवरच्या अॅपने त्यांच्या बेडरूममध्ये मोजून ३६ डेसिबल दाखवले होते. कायद्यात निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५, म्हणजे तक्रारीला अर्थ नाही, असा निकालही दिला होता. काकूंना ते पटलं नव्हतं आणि त्यांचं बरोबर होतं. ते आकडे ए-वजनाचे असतात. हलक्या आवाजात कान खालच्या सुरांना जसा दुर्लक्षितो तसं हे वजन त्यांना कमी मोजतं, ५० हर्ट्झला तब्बल ३० डेसिबलने. अॅपमध्ये ३६ दिसले, पण सबचा आवाज ५० च्या आसपास असेल तर खोलीत प्रत्यक्षात ६६ होते. त्या सुराला ऐकू यायला ४४ पुरतात. शिवाय खालच्या सुरांत एकदा ऐकू यायला लागलं की चार-पाच डेसिबलच्या वाढीनेही आवाज फार मोठा झाल्यासारखा वाटतो. म्हणजे आकडा कायद्यात बसणारा आणि झोप मोडणारा, दोन्ही एकाच वेळी.

स्लॅब बेसला का अडवत नाही? भिंत जितकी जड आणि सूर जितका वरचा तितकी ती अडवते. सूर निम्मा झाला की साधारण ६ डेसिबल जास्त पलीकडे जातात. संवाद स्लॅबमध्ये मरतात, ४० हर्ट्झ जातात. सबच्या खाली ठेवायला भाच्याने दीड हजारांचे रबरी पाय आणले होते. ते लावून आणि काढून खाली मोजलं, फरक एका डेसिबलच्या आत. सबच्या पायातून जाणारं कंपन फार थोडं होतं. अख्ख्या स्लॅबला हवेचा दाब हलवत होता. हा दाब कमी करायचा एकच खात्रीचा उपाय म्हणजे वर कमी वाजवणं, आणि ते आता जमलं होतं.

पंख्याचं मात्र वेगळंच निघालं. छताशी दांडीवर जी वाटी असते तिचा स्क्रू ढिला होता. बेसने ती वाटी खडखडायची, आणि खडखड हा वरच्या सुरांचा आवाज, झोपेतही ऐकू येणारा. स्टुलावर चढून स्क्रू आवळला. तक्रारीचा निम्मा भाग तिथेच संपला. उरलेल्यासाठी रात्री दहानंतर रिसीव्हरचा नाइट मोड, म्हणजे मोठे धमाके दाबणारं सेटिंग, आणि सब आणखी ६ ने खाली, असं ठरलं. भाच्याची कुरकूर होती की हळू आवाजात बेस पातळ वाटतो. तसं होणारच. आवाज हळू केला की कान खालचे सूर आधी सोडतो, फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये ते मोजून ठेवलंय. त्याला म्हटलं, दहानंतर पूल उडवू नकोस.

एक गोष्ट सुटली नाही. सोफ्याच्या मधल्या जागेवर ५१ चा खड्डा अजून आहे, कारण रुंदीत ती जागा मधोमधच राहिली. दुसरा सब समोरच्या, म्हणजे डाव्या, भिंतीला त्याच अंतरावर ठेवला तर दोन्हीकडून सारखा रेटा येऊन तो हिंदकळा उठणारच नाही आणि तिन्ही जागा सारख्या होतील. भाच्याचे डोळे चमकले. सूनबाई म्हणाल्या, एकाला झाकायला अजून टेबलक्लॉथ मिळाला नाहीये. मग लक्षात आलं की भाचा आता उजव्या कडेला बसतो, सूनबाई डाव्या कडेला, आणि मधल्या जागेवर चिवड्याचा डबा असतो.

तीन आठवड्यांनी पुन्हा फोन. "मामा, बेस परत गेला." मी विचारलं, सोफा कुठे आहे? पाच मिनिटं शांतता, मग टेपचा खर्रकन आवाज. केर-लादीला येणाऱ्या मावशी लादी पुसून झाल्यावर सोफा त्याच्या जुन्या जागेवर नेऊन ठेवत होत्या, कारण पाच वर्षांत त्याच्या पायांचे गोल डाग टाइल्सवर उमटलेत आणि त्या डागांवर पाय बसवले की सोफा सरळ लागतो. आता नव्या जागी चार तुकडे पिवळी इलेक्ट्रिकल टेप चिकटवलीय. मावशींनाही ते सांगितलंय.